दगड, शिक्षण आणि पांढरेपणा: मूर्त-अमूर्त नामांच्या भेदामागचा इतिहास

‘पंचेंद्रियांना कळते ते काँक्रीट (मूर्त) नाउन, नुसते मनाला कळते ते ॲबस्ट्रॅक्ट (अमूर्त)’ ही इंग्रजी व्याकरणातली व्याख्या पाठ केलेली मुले ‘स्टोन’ आणि ‘लव्ह’ अचूक सांगतात, पण ‘लाफ्टर’पाशी अडतात. हसणे तर ऐकू येते! चूक मुलांची नाही. दोन निराळ्या परंपरा या एका ओळीत मिसळल्या आहेत.

पहिली परंपरा व्याकरणकारांची. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात नाम म्हणजे देह किंवा कृती सांगणारा शब्द. उदाहरणे दगड आणि शिक्षण. १६व्या शतकात इंग्लंडच्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या विल्यम लिलीच्या लॅटिन व्याकरणात नाम म्हणजे जे पाहता, स्पर्शता, ऐकता किंवा समजून घेता येते त्याचे नाव. पुढे हात, घर आणि चांगुलपणा ही उदाहरणे एकाच रांगेत येतात.

दुसरी परंपरा तर्कशास्त्राची, आणि ‘काँक्रीट’ व ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हे दोन्ही शब्द मुळात तिचेच. लॅटिन ‘कॉन्क्रेटुस’ म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेले, ‘आब्स्ट्राक्टुस’ म्हणजे ओढून वेगळे काढलेले. मध्ययुगीन पंडितांच्या लेखी ‘आल्बुम’, म्हणजे पांढरे काही, हा शब्द काँक्रीट होता, कारण त्यात रंग वस्तूला चिकटलेला आहे. ‘आल्बेदो’, म्हणजे पांढरेपणा, हा ॲबस्ट्रॅक्ट. पांढरेपणा डोळ्यांना दिसतो, तरीही! इंद्रियांचा प्रश्नच तिथे नव्हता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनेही १८४३ मध्ये हाच भेद धरला: वस्तूचे नाव काँक्रीट, वस्तूच्या गुणाचे नाव ॲबस्ट्रॅक्ट.

आपल्याकडचा ‘भाववाचक नाम’ हा शब्द याच्या फार जवळचा आहे. पाणिनीचे ‘तस्य भावस्त्वतलौ’ हे सूत्र ‘त्याचा भाव’ सांगायला त्व आणि ता हे प्रत्यय देते. मराठीत शिवाय पणा, की, गिरी आहेत. म्हणून मराठी मुलांना इंद्रियांच्या कसोटीआधी ही कसोटी द्यावी: कोणी कसा आहे, कोणत्या अवस्थेत आहे किंवा काय करतो, तेवढेच बाजूला काढून त्याला नाव दिले आहे का? ‘ब्रेव्ह’मधून ‘ब्रेव्हरी’, ‘लाफ’मधून ‘लाफ्टर’: दोन्ही ॲबस्ट्रॅक्ट. ‘एअर’ दिसत नाही, पण तो स्वतंत्र पदार्थ आहे, म्हणून काँक्रीट.

प्रत्यय मदत करतात. नेस, हुड, डम, शिप हे जुन्या इंग्रजीतले. इटी, शन हे लॅटिनमधून, बरेचसे फ्रेंचमार्गे आलेले. मात्र त्यांच्यावर विसंबू नये: ‘नेबरहुड’ म्हणजे बहुतेकदा चक्क वस्ती. ‘यूथ’ म्हणजे तारुण्य, तर ‘अ यूथ’ म्हणजे तरुण मुलगा. वाक्य पाहिल्याशिवाय उत्तर देऊच नये.

सर्वांत जास्त घोटाळा मोजण्यावरून होतो. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे अनेकवचन नाही, असे नाही. ‘आयडिया’ अमूर्त असून मोजता येते, ‘राइस’ मूर्त असून इंग्रजीत मोजत नाहीत. ‘ॲडव्हाइस’चे मात्र इंग्रजीत अनेकवचन करत नाहीत; ‘ॲडव्हायसेस’ ही चूक आपल्या ‘सल्ले’मधून येते.