काळ्या मातीचे राख-स्थिरीकरण (ग्रामीण रस्ते)

औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा जळून उरलेली राख, बहुधा चुन्याच्या जोडीने, काळ्या मातीत ठरावीक प्रमाणात कालवून रस्त्याखालचा थर टणक करण्याची पद्धत. राख पसरून नुसता भराव करणे हे वेगळे काम. गावपातळीवर या दोहोंची सर्रास गल्लत होते. भरावात राख मातीची जागा घेते, स्थिरीकरणात ती मातीचा स्वभाव बदलते.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते, वाळले की आक्रसते. कापसाला आणि तुरीला मानवणारा हा ओलावा धरण्याचा गुण रस्त्याच्या मुळावर येतो. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगात त्याच भेगांतून पाणी खाली उतरते आणि वरची खडी चिखलात रुतते. रस्त्याखालच्या मातीची ताकद सीबीआर या आकड्याने मोजतात. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर अनेकदा 2 टक्क्यांच्या आसपास भरतो. भारतीय रोड काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या प्रतवारीत ही सर्वांत खालची पायरी. ‘मध्यम’ म्हणवून घ्यायला 5 ते 6 लागतो. रूढ उपाय म्हणजे काळी माती उकरून मुरूम भरणे. पण मुरूम लांबून आणावा लागतो आणि त्यासाठी कुठली तरी टेकडी पोखरली जाते. पूर्व विदर्भात मात्र काळी माती आणि राखेचे डोंगर शेजारी-शेजारी आहेत. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही केंद्रे याच पट्ट्यात येतात.

भारतीय कोळशात राखेचा अंश साधारण 30 ते 45 टक्के असतो. म्हणजे तीन टन कोळसा जाळला की टनभर राख उरते. तिचा सुमारे चार-पंचमांश भाग धुरासोबत वर जातो आणि चिमणीच्या अलीकडे विजेच्या भाराने पकडला जातो. हीच फ्लाय ॲश. उरलेली जाड राख बॉयलरच्या तळाशी पडते. न उचललेली राख पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. फ्लाय ॲशचे कण बारीक, काचेसारखे, बरेचसे गोल. त्यांत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर, पण आपल्याकडच्या राखेत चुना फार कमी. म्हणून ती पाण्याबरोबर स्वतःहून घट्ट होत नाही. तमिळनाडूतील नेवेलीच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) राखेत चुना जास्त असल्याने तिची गोष्ट निराळी. विदर्भातल्या राखेला बाहेरून चुना किंवा सिमेंट द्यावेच लागते. ते वगळून ‘राखेने रस्ता पक्का केला’ असे म्हणण्यात फारसा अर्थ नसतो.

चुना मिसळल्यावर बदल दोन टप्प्यांत होतो. पहिला काही तासांतच दिसतो. चुन्यातील कॅल्शियम चिकणकणांवरील सोडियमची जागा घेते, कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि फावड्याला चिकटणारी माती भुसभुशीत होते. दुसरा टप्पा संथ. राखेतील सिलिका, चुना आणि पाणी यांपासून सिमेंटसारखा बंध तयार होतो. त्याला आठवडे, महिने लागतात आणि उष्णतेत तो लवकर धरतो. विदर्भाचा उन्हाळा या दृष्टीने उत्तम, फक्त नेमके तेव्हाच थर ओला ठेवायला पाणी नसते.

प्रयोगशाळेत हा फरक डोळ्यांना दिसतो. 150 मिलिमीटर व्यासाच्या दोन साच्यांत एकीकडे नुसती काळी माती आणि दुसरीकडे राख-चुना मिसळलेली माती ठोकून बसवतात, वर वजन ठेवतात आणि चार दिवस पाण्यात बुडवतात. साच्यावर टेकवलेल्या, माती किती फुगली ते दाखवणाऱ्या मापकाचा काटा पहिल्या साच्यात पुढे सरकत राहतो, दुसऱ्यात जेमतेम हलतो. राख हलकी असल्यामुळे मिश्रणाची घनता मात्र कमी भरते. ते पाहून नवखा अभियंता दबाई कमी पडली असे समजतो. तुलना मिश्रणाच्या स्वतःच्या कमाल घनतेशीच करायला हवी.

खरी परीक्षा जागेवर होते. काळ्या मातीची ढेकळे फोडणे हेच सर्वांत किचकट काम. चुना मिसळण्यापूर्वी सगळी माती 26.5 मिलिमीटरच्या चाळणीतून आणि 80 टक्के माती 5.6 मिलिमीटरच्या चाळणीतून जावी, असा दंडक आहे. लहान कामावर महागडी यंत्रे परवडत नाहीत, तेव्हा ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालतो. शेतात पेरणीआधी फिरतो तोच. ढेकूळ तसेच राहिले तर चुना त्याच्या सालीवरच थांबतो आणि आतली माती पहिल्या पावसात पूर्वीसारखी फुगते. मिसळल्यापासून तीन तासांच्या आत दबाई उरकावी लागते, पुढे किमान सात दिवस थर ओलसर ठेवावा लागतो. रोलर वेळेवर आला नाही की त्या दिवसाचा चुना वाया.

हिशेब असा. 6 मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर जाड थर धरला तर किलोमीटरमागे 1,800 घनमीटर, म्हणजे सुमारे 2,700 टन कोरडी माती येते. कोरड्या मातीच्या वजनाच्या 20 टक्के राख धरली तर 540 टन, म्हणजे हायवाच्या (मोठ्या टिपर ट्रकच्या) तीस-पस्तीस फेऱ्या. 3 टक्के चुना धरला तर 81 टन. राख बहुधा फुकट मिळते. पैसा जातो चुन्याला, पाण्याला आणि वाहतुकीला. नेमके प्रमाण मातीगणिक चाचणीने ठरवायचे असते. केंद्र सरकारने 1999 साली काढलेल्या राखवापराच्या अधिसूचनेत 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि 300 किलोमीटरच्या परिघातील प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या कामांवर राख पोहोचवण्याचा पूर्ण खर्च वीज केंद्रांवर टाकण्यात आला. 2021 च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनाला 1,000 रुपये पर्यावरणीय भरपाईही लावली. चुन्याच्या खर्चाला मात्र असा कोणी वाली नाही.

राखेत आर्सेनिक, क्रोमियमसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. चुन्याने बांधलेल्या, दाबलेल्या थरातून ती झिरपण्याची शक्यता उघड्या ढिगापेक्षा कमी. तरीही विहिरी, नाले आणि उथळ भूजल जवळ असल्यास काळजी घ्यावीच लागते. कोरडी राख वाऱ्याने उडते आणि पाण्याच्या धारेने सहज वाहते. म्हणून ती ओली करून, ताडपत्रीखाली आणतात, आणि राखेचा भराव असेल तर त्याच्या बाजू चांगल्या मातीने झाकतात. अर्थात तलावात साठलेली राखही निरुपद्रवी नसते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटून राखेचा लोंढा आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला होता.

कोळसा उद्योगाचा दुसरा टाकाऊ माल म्हणजे उघड्या खाणीतून कोळशावरचा काढून टाकलेला दगड-मातीचा थर. वर्धा खोऱ्यात आणि कामठी-उमरेड भागात याचे ढिगारे दुरून दिसतात. त्यातील वालुकाश्म भरावाला चालतो. शेल हा पापुद्र्यांचा चिकणदगड मात्र पाणी लागताच सुटत जातो आणि कोळशाचा अंश असेल तर ढीग आतून पेटू शकतो. शिवाय सर्वांत वरचा थर पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचाच असतो. निवड न करता हा माल रस्त्यावर टाकला तर जी माती टाळायची तीच परत येते. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने नागपूरजवळ भानेगाव आणि गोंडेगाव येथे या ढिगाऱ्यातून वाळू वेगळी काढण्याचे काम हाती घेतले.