ब्रा आणि गॅलिस एकाच खणात कशी? ६२१२ ची गोष्ट

कळंगुटच्या दुकानातली बिकिनी आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला ब्रा-पँटीचा सेट, दोन्ही हातात घेऊन बघा. कापड तेच, पट्टे तेच, मागचा हुकसुद्धा तोच. पण माल परदेशातून आला आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा फॉर्म, भरायची वेळ आली की दोघींच्या वाटा वेगळ्या. कारण टॅरिफमध्ये, म्हणजे जकातीच्या यादीत, प्रत्येक मालाला नंबराचा एक खण असतो, त्याला हेडिंग म्हणतात. होजियरी कापडाची बिकिनी स्विमवेअर म्हणून ६११२ मध्ये, मागावरच्या कापडाची असेल तर ६२११ मध्ये, आणि ब्रा मात्र कुठल्याही कापडाची असो, ६२१२.

हे 'कुठल्याही कापडाची असो' प्रकरणच खरं तर मजेशीर आहे. कारण कपड्यांच्या टॅरिफमध्ये पहिला प्रश्न असतो कापड बनलं कसं? होजियरी असेल तर चॅप्टर ६१, मागावरचं असेल तर चॅप्टर ६२. म्हणून टी-शर्टच्या कापडाची पँटी ६१०८ ला जाते आणि आपला साडीखालचा सुती परकर ६२०८ ला. मग ब्रालाच सूट का? एक ब्रा उलटी करून बघा ना, कपला लेस, पाठीला इलॅस्टिक, मधे जाळी, वर हुक आणि तार, आता हिला होजियरी म्हणणार की मागावरची? माल तपासणारा कस्टम्सचा ॲप्रेझर आणि आयातदाराचा एजंट जन्मभर भांडत बसले असते. म्हणून ६२१२ मध्ये सरळ लिहून टाकलंय, निटेड (होजियरी) असो वा नसो.

ही युक्ती आजची नाही. ब्रुसेल्स नॉमेनक्लेचर ही मालाच्या नंबरांची जुनी आंतरराष्ट्रीय यादी १९५९ मध्ये लागू झाली, त्यात हेच हेडिंग ६१.०९ होतं आणि त्यात पहिलं नाव कॉर्सेटचं (कंबर आवळायचा घट्ट कपडा), मग कॉर्सेट-बेल्ट, सस्पेंडर-बेल्ट, आणि मग कुठे ब्रेसियर म्हणजे ब्रा, त्यामागे पुरुषांचे गॅलिस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) आणि मोज्यांचे गार्टर. म्हणजे कसायचं, उचलून धरायचं, ते सगळं एका खणात. १ जानेवारी १९८८ ला हार्मोनाइज्ड सिस्टीम, म्हणजे आजची नंबरांची यादी, लागू झाली तोवर कॉर्सेट घालतंय कोण, मग ब्रा यादीत पहिल्या नंबरावर आली आणि कॉर्सेट मागे सरकला. गॅलिस मात्र अजून तिथेच आहे बिचारा.

भारताचा १९७५ चा कस्टम्स टॅरिफ ॲक्टही आधी ब्रुसेल्सच्याच साच्यातला होता, नवी पद्धत जगात लागू व्हायच्या आधीच, १९८६ मध्ये, तो तिच्यावर गेला. गोव्याचं त्याआधीचं जकातीचं प्रकरण वेगळंच. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारामुळे १८८० ते १८९२ ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोव्याची जकात एक होती, नंतर परत वेगळी. मांडवीकाठच्या ज्या निळ्या इमारतीत आता कस्टम्सचं म्यूझियम आहे तीच पोर्तुगीजांची आल्फांदेगा, म्हणजे जकात कचेरी. भारतीय टॅरिफ इथे आलं ते १९६१ नंतर.

नुसत्या नंबरासाठी एवढं डोकं कशाला असं वाटेल, तर २००५ आठवा. १ जानेवारीला कापड-कपड्यांचे जागतिक कोटे उठले, चीनचा माल युरोपात धो धो आला, जूनमध्ये युरोप आणि चीनने दहा प्रकारांवर परत मर्यादा घातल्या आणि त्यातला एक प्रकार ब्रा. ऑर्डर आधीच गेलेल्या, जहाजं निघालेली, त्यामुळे ऑगस्टपर्यंत कोट्यवधी कपडे बंदरांत अडकून पडले. पेपरवाल्यांनी त्याला 'ब्रा वॉर्स' नाव दिलं, सप्टेंबरमध्ये बीजिंगला तोडगा निघाला. कोट्याचे प्रकार टॅरिफच्या नंबरांवरच बांधलेले होते, म्हणून तुमचा माल अडकला की सुटला हे शेवटी नंबर सांगणार.

सेटची गंमत राहिलीच. कपडे एकाच बॉक्समध्ये पॅक केले तरी प्रत्येकाचं हेडिंग वेगळं धरायचं, असं टॅरिफच्या सेक्शन ११ च्या (कापड-कपड्यांच्या भागाच्या) टीपेत म्हटलंय. पण ती टीप ६२११ पर्यंतच लागू आहे! ब्रा ६२१२, म्हणजे बाहेर. त्यामुळे ब्रा-पँटीच्या सेटला एकत्र जायला वाट मिळते, आणि युरोपने तर अशा सेटला ६२१२ खाली वेगळा कोडच दिलाय.

आणि बोटीवरून सुट्टीला आलेला आपला माणूस बॅग भरून नवंकोरं सामान आणतो, त्यात ड्युटी लागण्यासारखं जे निघेल त्याला मात्र या वेगवेगळ्या नंबरांची भानगडच नाही. बॅगेजचं, म्हणजे प्रवाशाच्या सामानाचं, एकच हेडिंग, ९८०३, मग आत ब्रा असो की मिक्सर.