प्रसूतिपूर्व चीक काढणे

गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, बाळ जन्मण्याआधीच, स्तनांत तयार झालेले पहिले दूध म्हणजे चीक हाताने पिळून थेंबाथेंबाने साठवण्याची ही पद्धत आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत ज्या बाळांना वरचे दूध द्यावे लागण्याची शक्यता अधिक असते, त्यांच्यासाठी आईने आधीच करून ठेवलेली ही बेगमी होय.

चीक गरोदरपणाच्या मध्यावर, साधारण १६व्या आठवड्यापासून, तयार होऊ लागतो. मात्र वारेतून (प्लासेंटातून) स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल असेपर्यंत दूध भरून येत नाही. वार पडली की हा अंमल ओसरतो आणि साधारणपणे दोन ते चार दिवसांत स्तन दुधाने भरतात. त्याआधीचा चीक दाट, पिवळसर आणि मोजकाच असतो. त्यात प्रतिपिंडे, विशेषतः स्रावी आयजीए, आणि जंतूंना रोखणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन भरपूर असते, तसेच त्याच्या सारक गुणामुळे बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. काही स्त्रियांच्या कपड्यांवर शेवटच्या महिन्यांत उमटणारे पिवळसर डाग याच चिकाचे असतात. ते उमटले नाहीत म्हणून पुढे दूध कमी येईल, असे मुळीच नाही.

या पद्धतीचा विचार सर्वाधिक झाला तो मधुमेह असलेल्या गर्भवतींच्या बाबतीत. आईच्या रक्तातील जादा साखर गर्भाकडे जाते, तिला तोंड देण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवते, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबला तरी ते इन्सुलिन काही काळ काम करीतच राहते. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या तासांत बाळाची साखर घसरू शकते आणि अशा वेळी अनेकदा पावडरचे दूध पाजले जाते. त्याच वेळी मधुमेही मातेचे दूध उशिरा भरून येण्याची शक्यताही अधिक असते. साठवलेला चीक नेमका या फटीत उपयोगी पडतो. जुळी बाळे, दुभंगलेले ओठ वा टाळू, डाउन सिंड्रोम किंवा हृदयदोष यांचे निदान आधीच झालेले असल्यासही तो सुचवला जातो.

स्तनाग्र चाळवले की ऑक्सिटोसिन स्रवते, आणि पान्हा फोडणारे हेच संप्रेरक गर्भाशयाला कळाही आणते. दिवस भरण्याआधी प्रसूती होईल का, ही भीती त्यामुळे निराधार नव्हती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘डेम’ चाचणीने तिची कसोटी घेतली. मधुमेह असलेल्या, पण अन्यथा कमी जोखमीच्या ६३५ स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी ३६व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा चीक काढला. नवजात अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या बाळांचे प्रमाण त्या गटात १५ टक्के, तर दुसऱ्या गटात १४ टक्के होते, म्हणजे फरक नव्हता. पहिल्या २४ तासांत केवळ आईचेच दूध मिळालेली बाळे चीक काढणाऱ्या गटात अधिक होती. हा निष्कर्ष अधिक जोखमीच्या गरोदरपणाला सरसकट लावता येत नाही, हे मात्र ठामपणे सांगायला हवे. मुदतपूर्व कळांचा धोका, गर्भाशयमुखाला घातलेला टाका, वार खाली असणे किंवा रक्तस्राव यांपैकी काही असल्यास चीक काढू नये. इतरांनीही डॉक्टर किंवा प्रसविकेला विचारूनच, ३६ ते ३७ आठवड्यांनंतर सुरुवात करावी. पोट आवळून येऊ लागले तर लगेच थांबावे.

हात स्वच्छ धुऊन, स्तन हलके चोळून, अंगठा आणि तर्जनी स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवतात. बोटे आधी छातीकडे दाबून मग एकमेकींकडे आणतात आणि सोडतात. बोटे त्वचेवर घसरू देत नाहीत. काही वेळाने स्तनाग्राच्या टोकाशी मधासारखा चकाकणारा एक थेंब उभा राहतो. तो सुई नसलेल्या सिरिंजने टिपतात. पंपात एवढासा चीक नळीलाच चिकटून राहतो, म्हणून हातच बरा. पहिल्या दिवशी सिरिंजचे तळही न भरणे अगदी स्वाभाविक आहे. या प्रमाणावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधता येत नाही, आणि हे आधी सांगितले गेले नाही तर कित्येक जणी उगाच खचतात. उलट, हाताने दूध काढण्याची सवय झालेल्या आईला बाळंतपणानंतर, बाळ पिण्यास उत्सुक नसताना किंवा तिच्यापासून दूर ठेवलेले असताना, गांगरून न जाता दूध काढता येते.

सिरिंजवर नाव, तारीख आणि वेळ लिहून ती झाकून गोठवतात आणि प्रसूतीसाठी जाताना बर्फाच्या पिशवीत नेतात. फ्रिजमध्ये वितळवलेला चीक २४ तासांच्या आत वापरावा लागतो आणि तो पुन्हा गोठवत नाहीत. बाळाला आधी अंगावर घेतले जाते. ते पुरेसे प्याले नाही तरच साठवलेला चीक गालाच्या आतल्या बाजूने थोडाथोडा सोडतात.