पार्श्वभूमी: छोटा मोबाइल ॲक्शन गेम आणि ‘इंस्टॉल’ या शब्दाचा घोळ

मोबाइल गेम म्हटलं की सगळे १९९७ च्या नोकिया ६११० वरच्या सापापासून सुरू करतात, पण आज एकट्याने गेम बनवणाऱ्याचा त्या काळाशी फारसा संबंध उरलेला नाही. नंतर जावा गेम आले, काही साध्या हँडसेटवर अख्खा गेम ६४ केबीत कोंबावा लागायचा, प्रत्येक मॉडेलची स्क्रीन वेगळी आणि कीपॅड वेगळा, आणि विकायचा तर मोबाइल ऑपरेटरच्या दारात ताटकळायचं. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हतं.

२००८ मध्ये जुलैत ॲपलचं आणि ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचं अशी दोन्ही मोठी स्टोअर उघडली, शंभरातले ७० गेमवाल्याला अशी ७०-३० ची वाटणी रूढ झाली आणि दार एकदाचं किलकिलं झालं. ॲक्शन गेमवाल्यांची पंचाईत वेगळीच होती. काचेला उंचवटा नसतो, त्यामुळे अंगठा बटणावर आहे की घसरलाय हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही, आणि खाली बघितलं की मेलात. वर दोन्ही अंगठ्यांनी अर्धी स्क्रीन झाकलेली. मग लोकांनी बटणंच कमी केली. २००९ च्या कॅनाबॉल्टमध्ये माणूस आपोआप पळतो, आपण फक्त टॅप करून उडी मारायची. २०१९ च्या आर्चेरोमध्ये अंगठा उचलला, पात्र थांबलं, की बाण सुटतात. ही काटकसर मला तरी ग्राफिक्सपेक्षा मोठा शोध वाटते.

पैशाचं गणित मात्र २००९ च्या ऑक्टोबरमध्ये फिरलं. ॲपलच्या स्टोअरवर ॲपच्या आत खरेदीची सोय जूनमध्येच आली होती पण फक्त विकतच्या ॲपना, ती आता फुकट ॲपनाही मिळाली. तोवर इंस्टॉल म्हणजे विक्री, सरळ हिशोब. त्यानंतर इंस्टॉल म्हणजे नुसता दारात येऊन डोकावलेला माणूस, शंभरातले बहुतेक एक पैसा न देता निघून जाणार, बाकी कमाई जाहिरातीतून काही सेंटांची. शब्द तोच राहिला, अर्थ पार बदलला.

हे नीट लक्षात घेतलं तरच २०२३ चं भांडण कळतं. १२ सप्टेंबरला युनिटी हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून ठराविक मर्यादेनंतर प्रत्येक नव्या इंस्टॉलमागे फी लागणार. फुकटच्या पर्सनल लायसन्सवर मर्यादा होती बारा महिन्यांत २ लाख डॉलर कमाई आणि एकूण २ लाख इंस्टॉल, दोन्ही ओलांडलं की दर इंस्टॉलला २० सेंट. आता धरून चाला की एका फुकट ॲक्शन गेमची वर्षात २० लाख इंस्टॉल झाली आणि २ लाख डॉलर आले, म्हणजे माणशी १० सेंट. मर्यादेच्या पुढे येणारा प्रत्येक नवा खेळाडू १० देणार आणि २० नेणार. गेम जितका चालेल तितका खड्डा! यावर विकतचं प्रो लायसन्स घ्या, मर्यादा १० लाखांवर जाते असं उत्तर होतं आणि ते खोटं नव्हतं, पण फुकट गेमच्या बाबतीत मोजमापच चुकीचं होतं त्याचं काय?

त्यात इंस्टॉल म्हणजे नक्की काय हेच कुणाला कळेना. काढून परत टाकला तर? दुसऱ्या फोनवर टाकला तर? चोरीची कॉपी असेल तर? सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत खुलाशांवर खुलासे आले आणि पुन्हा टाकलेला धरणार की नाही यावर उत्तरच बदललं. त्याहून लोकांना झोंबलं ते हे की आधीच रिलीज झालेले गेमसुद्धा यात येणार होते, आणि २०१९ मध्ये याच कंपनीने सांगितलेलं की जुनी आवृत्ती वापरत राहिलात तर जुन्याच अटी चालतील.

२२ सप्टेंबरला माघार झाली, पर्सनलवाले सुटले, उरलेल्यांना कमाईच्या २.५ टक्क्यांची कमाल मर्यादा आणि तीही फक्त २०२४ च्या आवृत्तीपासून पुढे. पहिल्या घोषणेनंतर बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२४ मध्ये, गेमसाठीची ही फी पूर्णच रद्द झाली आणि त्याबदल्यात प्रोचे दर ८ टक्क्यांनी वाढले. बरेच जण मधल्या काळात गोडो या दुसऱ्या इंजिनाकडे वळले, ते २०१४ पासून ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, आहे. पण अर्धा झालेला गेम एका इंजिनातून दुसऱ्यात नेणं म्हणजे उडी, टक्कर, कॅमेरा सगळं हाताने परत जुळवणं, त्यामुळे ‘सोडतो’ म्हणणारे सगळेच सुटले असं समजू नका.

स्टोअरचा वाटा २०२१ पासून छोट्यांसाठी १५ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट. पण अँड्रॉइडच्या स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना रिलीजआधी २० टेस्टर सलग १४ दिवस टिकवायची अट आली, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणली. एवढे लोक एकट्याने आणायचे कुठून, म्हणून ‘तू माझा टाक, मी तुझा टाकतो’ अशी अदलाबदल सुरू झाली. असा टेस्टर गेम टाकतो, एकदा उघडतो, दोन आठवडे तसाच फोनमध्ये ठेवतो. अट पूर्ण होते, इंस्टॉल बारा दिसतात, आणि पहिल्या बॉसपर्यंत, म्हणजे पहिल्या मोठ्या शत्रूपर्यंत, कुणी पोचलेलंच नसतं.