काळानिळा डाग कोणत्या रकान्यात लिहायचा?

खानदेशात ‘बालमृत्यू’ हा शब्द उच्चारला की धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, कमी वजनाचे बाळ, न्यूमोनिया आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता डोळ्यांपुढे येतो, आणि ते चूक नाही. सातपुड्यातील बहुतेक बालमृत्यूंची मुळे तिथेच आहेत. परंतु बालमृत्यूंचा आणखी एक प्रकार आहे, जो नंदुरबारच्या पाड्यावर घडू शकतो तसाच जळगावच्या बंगल्यातही घडू शकतो, आणि ज्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. घरातल्याच माणसाच्या मारहाणीने किंवा हेळसांडीने होणारा मृत्यू तो हा. जगभरच्या अभ्यासकांनी गेली कित्येक दशके अशा मृत्यूंची छाननी केली आहे. त्यातून पुन्हा पुन्हा दिसले ते असे की दगावलेली बरीच मुले त्याआधी डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक किंवा पोलीस यांच्यापैकी कोणा ना कोणाच्या नजरेखालून गेलेली होती.

या अभ्यासाची सुरुवात क्ष-किरण चित्रांतून झाली. जॉन कॅफी या अमेरिकी तज्ज्ञाने १९४६ मध्ये सहा तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. या मुलांच्या मेंदूभोवती रक्त साकळले होते आणि हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ ठिकाणी मोड होती, पण पडल्याझडल्याची माहिती कोणाकडेच नव्हती. पुढे १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली, तेव्हा एका वर्षात मारहाण झालेली ३०२ मुले आढळली. त्यांतली ३३ दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. केम्प यांचा लेख येईपर्यंत पुष्कळ डॉक्टरांना ही शक्यता मनात आणणेच जड जात होते, कारण समोर बसलेले आईवडील आपल्या लेकराला असे करू शकतील हे माणसाचे मन सहजी स्वीकारत नाही. ती अडचण आजही संपलेली नाही.

मारहाणीने दगावणारे मूल बहुधा फार लहान असते. अमेरिकेतील अशा मृत्यूंत सुमारे तीन चतुर्थांश मुले तीन वर्षांच्या आतील असतात आणि जवळजवळ निम्मी तर वर्षाचीही झालेली नसतात. शाळेतल्या बाईंनी वळ पाहावेत, मुलाने मित्राला काही सांगावे, शेजाऱ्याने विचारावे, असे कोणतेही वाट काढणारे माणूस या वयाच्या बाळाला लाभत नाही. त्याचे अंगच काय ते बोलते, आणि ते वाचता येते.

ज्या बाळाला अजून रांगता येत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग पडणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत नेहमीच्या तपासणीला आलेल्या सहा महिन्यांखालील ३६६ बाळांची पाहणी झाली, त्यात असे डाग फक्त दोघांच्या अंगावर सापडले. लिन शीट्स यांनी २०१३ मध्ये उलट्या बाजूने पाहिले. मारहाण निश्चित सिद्ध झालेल्या २०० बाळांच्या पूर्वेतिहासात त्यांना २७.५ टक्के बाळांना आधी एखादी किरकोळ इजा झाल्याचे आढळले, बहुतेकदा काळानिळा डाग, काही वेळा तोंडाच्या आतली जखम. तुलनेसाठी घेतलेल्या, मारहाण न झालेल्या १०१ बाळांपैकी मात्र एकाच्याही इतिहासात अशी इजा नव्हती. त्या किरकोळ जखमांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कोणा ना कोणा वैद्यकीय माणसाला ठाऊक होत्या. जखम आपसूक बरी होणारी होती, म्हणून ती तिथेच सोडून दिली गेली. चार महिन्यांखालील बाळाच्या अंगावर कुठेही, किंवा चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर अथवा मानेवर असा डाग दिसला तर थांबून विचार करावा, हा नियम आता बालरोगतज्ज्ञांना शिकवला जातो.

‘झोळीतून पडलं’ हे आपल्याकडचे नेहमीचे उत्तर. पुष्कळदा ते खरे असते, कारण बाळे झोळीतून, खाटेवरून, ताईच्या कडेवरून पडतातच. पण अशा कमी उंचीवरच्या पडण्याने मूल दगावणे किती विरळ आहे याचा अंदाज डेव्हिड चॅडविक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडला. दीड मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडून लहान मुलांचे जे मृत्यू होतात, त्यांचे प्रमाण दर वर्षी दहा लाख मुलांमागे एकाहूनही कमी आहे. मोठ्या माणसाने रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवले तर मात्र वेगळेच घडते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान लुळी असते, आणि मेंदूपासून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा त्या झटक्यांनी तुटतात. बाहेरून अंगावर ओरखडाही नसतो आणि आत रक्तस्राव चालू असतो. असे बाळ ओकारी, सुस्ती किंवा झटके घेऊन दवाखान्यात येते आणि पोटाच्या किंवा तापाच्या औषधावर परत जाऊ शकते. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात डोक्याला अशी इजा झालेल्या १७३ मुलांपैकी ५४ मुलांचे निदान पहिल्या भेटीत चुकले होते, आणि त्यांतल्या पाच मृत्यूंपैकी चार बहुधा टळले असते असे अभ्यासकांचे मत होते. जिथे आईवडील दोघेही एकत्र राहत होते आणि घर गोऱ्या वर्णाचे होते, तिथे चुकण्याचे प्रमाण अधिक होते. घराणे चांगले दिसले की शंका मागे पडते, हे सांगायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि ढुंगणावर जन्मतःच निळसर चट्टे असतात. ते मारहाणीचे नसतात. मुका मार काही दिवसांत रंग बदलत जातो, हे चट्टे महिनोन्महिने तसेच राहतात. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे, आणि या आजारात सहा महिन्यांनंतर बाळाचे हातपाय अचानक सुजतात, दुखतात, जणू कोणी मारले आहे असे वाटावे. ‘के’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रक्तस्राव होतो, मुडदुसाने हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे डाग पाहून आईवर बोट रोखणे हे विज्ञान नव्हे. डाग पाहून रक्ताची तपासणी करणे, गरज वाटल्यास सर्व हाडांची क्ष-किरण चित्रे काढणे, डोळ्यांचा पडदा पाहणे, आणि सांगितलेली हकिकत त्या जखमेशी जुळते का हे तपासणे, हा त्याचा मार्ग.

एवढे ज्ञान हाताशी असताना यंत्रणा का चुकतात, याचे सर्वांत तपशीलवार उत्तर ब्रिटनमधील चौकशी अहवालांत मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये आयव्हरी कोस्टमधून आलेली आठ वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने दाखवून दिले की तिला वाचवण्याच्या निदान बारा संधी हातच्या गेल्या होत्या. एका रुग्णालयात तिच्या अंगावरचे व्रण खरजेचे ठरवले गेले आणि ‘ही खरूज आहे’ हे एक वाक्य पुढच्या प्रत्येक कार्यालयात तिच्या आधी पोहोचले. ती सांभाळणाऱ्या बाईसमोर ताठ उभी राहायची. ती भीती होती, पण ‘त्यांच्याकडे मोठ्यांचा मान असाच राखतात’ असा तिचा अर्थ लावला गेला. आपल्याकडे ‘त्या लोकांत पोरांना असंच वाढवतात’ हे वाक्य किती सहज तोंडी येते, ते आठवले म्हणजे हा मुद्दा परका वाटणार नाही.

ब्रिटिश अभ्यासक आयलीन मन्रो यांनी १९७३ ते १९९४ या काळातील असे ४५ अहवाल एकत्र वाचले. अनेक ठिकाणी माहिती कमी नव्हती, परंतु कुटुंबाविषयी पहिल्यांदा जे मत बनले ते नव्या पुराव्याने हलत नव्हते. त्या मताला दुजोरा देणारी माहिती लगेच पटायची आणि त्याला धक्का देणारी माहिती किरकोळ ठरायची. हा एखाद्या आळशी कर्मचाऱ्याचा दोष नसून माणसाच्या विचार करण्याच्या रीतीतच असलेला दोष आहे, आणि म्हणून तो नुसत्या परिपत्रकाने जात नाही.

मग कोणते मूल मरणाच्या वाटेवर आहे हे आधीच ओळखता येईल का? कॅलिफोर्नियात १९९९ ते २००६ दरम्यान जन्मलेल्या ४३ लाख मुलांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की ज्यांच्याविषयी बालसंरक्षण विभागाकडे आधी एकदा तरी तक्रार आली होती, त्यांचे हेतुपुरस्सर केलेल्या इजेने मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या जवळजवळ सहापट होते. हा धोका फार मोठा आहे. तरीही त्यावरून एकेका मुलाचे भाकीत करता येत नाही, कारण घटनाच विरळ आहे. समजा, एक लाख मुलांत अशी तीन मुले आहेत आणि आपल्याकडे धोक्यातली मुले आणि सुरक्षित मुले ही दोन्ही ओळखण्यात नव्वद टक्के अचूक अशी चाचणी आहे. ती चाचणी त्या तिघांना बहुधा पकडेल, पण त्यांच्यासोबत आणखी सुमारे दहा हजार निर्दोष घरांवरही खूण करील. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या परिसरात २०१६ पासून संगणक प्रत्येक तक्रारीला १ ते २० असा आकडा देतो. तो आकडा कोणत्या तक्रारीची चौकशी करायची एवढे ठरवायला मदत करतो, निकाल देत नाही, आणि तो तेवढ्यापुरताच राहावा असे मलाही वाटते.

कारण चुकीच्या संशयाची किंमत गरीब घरे मोजतात. २००७ मध्ये लंडनमधल्या त्या आठ वर्षांच्या मुलीच्याच भागात सतरा महिन्यांचे एक बाळ दगावले आणि खटल्यानंतर वृत्तपत्रांनी गहजब केला, तेव्हा इंग्लंडभर मुलांना घरातून काढण्याचे अर्ज झपाट्याने वाढले. अमेरिकेत आदिवासी मुलांना इतक्या सर्रास घरांतून नेले जात होते की १९७८ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पाड्यावरच्या घरात दार नाही, दूध नाही, आई दिवसभर मजुरीला जाते, याला हेळसांड म्हणणारा अधिकारी गरिबीलाच गुन्हा ठरवीत असतो.

आपल्याकडची यंत्रणा वेगळ्या कारणाने तोकडी पडते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती दिली, तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आणि महिन्यातून किमान वीस दिवस बसण्याचे बंधन घातले. पालकानेच इजा केलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ मूल आहे, हेही कायदा स्पष्ट म्हणतो. पण चोवीस तासांत कळवण्याची सक्ती करताना कायद्याच्या डोळ्यांपुढे हरवलेले, टाकून दिलेले किंवा अनाथ मूल आहे. लैंगिक अत्याचाराची खबर देणे पोक्सो कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे. घरात मार खाणाऱ्या तान्ह्या बाळासाठी तशी स्वतंत्र सक्ती नाही. त्यामुळे भुसावळ जंक्शनवर एकटे सापडलेले पोर समितीपुढे येते, आणि स्वतःच्या घरात, आईवडिलांजवळ असलेले बाळ येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, पण तो फिरवायला कोणीतरी मोठे माणूस लागते. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत शारीरिक छळ झालेल्या मुलांचे प्रमाण ६९ टक्के निघाले होते आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. मार इतका नेहमीचा असला की धोक्याचा मार वेगळा ओळखणे कठीण जाते.

तरी एक माणूस त्या बाळाला नेमक्या त्याच वयात पाहते. आशाताई. नवजात बाळाच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत, आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि गदागदा हलवण्याच्या घटना त्यानंतरच्या काही आठवड्यांत सर्वाधिक घडतात, हे ध्यानात घेतले तर या वेळापत्रकातली बेचाळिसाव्या दिवसाची भेट अगदी मोक्याची आहे. ताई बाळ उघडे करून वजन घेते, ताप पाहते, कातडीवर पुळ्या आहेत का ते लिहिते. काळानिळा डाग लिहायला तिच्याजवळ रकाना नाही.

तो असावा, आणि त्यापुढे ‘छळाचा संशय’ असे काही नसावे, असे माझे मत आहे. ताई त्याच गावची, बहुधा त्याच भावकीतली. तिच्याकडून आरोपाची अपेक्षा ठेवली तर ती काहीच लिहिणार नाही. ‘चार महिन्यांखालील बाळ, अंगावर डाग, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे’ एवढीच सूचना पुरेशी आहे, जशी ती ताप किंवा पिवळेपणासाठी असते. पुढचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि मग धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागाच्या अखत्यारीत जाईल, जिथे सिकलसेल आणि मार यांतला फरक ओळखता येतो.

पाच वर्षांखालील प्रत्येक मृत्यूची छाननी करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्येच काढल्या आहेत. आधी कोणती इजा झाली होती का, ती कोणी पाहिली होती का, आणि पाहिल्यावर कोणाला कळवले, हे तीन प्रश्न त्या छाननीत घालायला नवा कायदा लागत नाही. धडगावचे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि बाळ फडावरच दगावले, तर ही छाननी कोणत्या जिल्ह्याने करायची, हे मात्र आधी ठरवावे लागेल.