टूर्निकेटचा पट्टा रुंद का असतो?

हाताच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरच्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘रक्ताच्या किती बाटल्यांची सोय करायची?’ मनगटाच्या किंवा बोटांच्या बहुतेक ऑपरेशनांना एकही लागत नाही, कारण ते चालू असताना टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवायला वर आवळलेला पट्टा, असतो आणि त्या हातात रक्त जवळजवळ नसतंच.

आधी हात उंच धरतात. मग बोटांपासून वर रबरी पट्टी घट्ट गुंडाळत रक्त धडाकडे ढकलतात. ही पट्टी जर्मनीतल्या कील शहरातल्या एस्मार्क या सर्जनने 1873 मध्ये प्रचारात आणली. जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल तर ती गुंडाळत नाहीत, नुसता हात उंच धरतात. हा उपाय ब्रिटिश सर्जन लिस्टरचा, 1860च्या दशकातला. अवयव उंच धरला की रक्त नुसतं उतरत नाही, तर धमन्याही आकसतात, हे त्याने ओळखलं. शेवटी दंडावर कापसाच्या थरावरून बांधलेला कफ, म्हणजे टूर्निकेटचा पोकळ पट्टा, हवेने फुगवतात आणि रबरी पट्टी काढतात. हवेचा हा कफ अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंगने 1904 मध्ये आणला.

दाब साधारणपणे दंडावर 250 आणि मांडीवर 300 मिलिमीटर पारा. अर्धवट फुगवलेला कफ मात्र घातक. शिरांमधला दाब कमी असल्याने त्या आधी बंद होतात. धमन्या चालूच राहतात. रक्त आत येतं, परत जात नाही आणि जखम उलट जास्त वाहते.

मग अरुंद, करकचून आवळलेली दोरी का नको? धमनी स्नायूंच्या आत खोलवर असते. अरुंद पट्ट्याचा दाब तिथे पोचण्याआधीच आजूबाजूला विरतो, म्हणून त्वचेवर फार मोठा दाब द्यावा लागतो. रुंद पट्ट्याखाली तो खोलवर टिकतो आणि धमनीचा लांब तुकडा मिटतो. कफ पुरेसा रुंद असेल, तर रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा कमी दाबानेही प्रवाह थांबू शकतो!

यातली सर्वांत सुंदर उकल 1972 मधली आहे. ओचोआ, फाउलर आणि गिलियट यांनी बबून माकडांच्या पायावर कफ आवळून त्याखालचे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिले. जाड मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि त्यात ठरावीक अंतरावर ‘रॅन्व्हिएच्या गाठी’ म्हणजे आवरणातल्या छोट्या फटी असतात. कफच्या मधोमध, जिथे दाब सर्वाधिक, तिथे इजा फारशी नव्हती. ती होती दोन्ही कडांखाली. तिथे गाठी कफपासून बाहेरच्या दिशेला सरकल्या होत्या आणि दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत शिराव्यात तसं मायलिन शेजारच्या मायलिनमध्ये घुसलं होतं. म्हणजे इजा निव्वळ दाबाने होत नाही, तर शेजारी शेजारी असलेल्या दोन जागांच्या दाबातल्या फरकाने होते. गाठींलगतच्या मायलिनचं हे आत घुसणं जाड तंतूंत होतं, वेदना नेणारे बारीक तंतू बचावतात. म्हणूनच अशा इजेत हात लुळा पडला तरी वेदना कळू शकते. दोरीला तर दोन कडाच असतात, मधला भाग नाहीच.

साप चावल्यावर सुतळी आवळून मांत्रिकाकडे नेणं थांबलंच पाहिजे, ते याचसाठी. घोणस किंवा फुरशाचं विष त्या जागचं मांस नासवतंच. वर रक्तपुरवठा तोडला तर पाय सडतो. दोरी एकदम सोडली की अडकलेलं विष एकाच वेळी अंगात धावतं. पाय हलू न देता थेट प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात न्यावं. अपघातात हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल तेव्हा मात्र वर बांधणं जीव वाचवतं. पण तिथेही रुंद कापडच हवं.

ऑपरेशनमध्ये कफ साधारण दोन तासांच्या आत सोडतात. त्या वेळी अवयवात साठलेली आम्लं आणि पोटॅशियम रक्तात मिसळतात, रक्तदाब थोडा उतरतो. भूलतज्ज्ञाचं लक्ष तेव्हा मॉनिटरवर असतं. प्रतिजैविकं कफ फुगवण्यापूर्वीच द्यावी लागतात, नंतर ती जखमेपर्यंत पोचणार कशी? नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांतल्या रुग्णांनी घरात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असेल तर ते आधी सांगावं. ऑक्सिजन तुटलेल्या रक्तात त्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात.

खुब्याला असा कफ बांधायला जागाच नसते. तिथे रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड कामी येतं. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने शोधलेलं हे औषध रक्त गोठवत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याचं मूळ रूप असलेल्या प्लाझ्मिनोजेनला ते फायब्रिनवर, म्हणजे गुठळीच्या धाग्यांवर, चिकटू देत नाही, त्यामुळे झालेली गुठळी लवकर विरघळत नाही.