डब्यावरचं साल खरं की आजी खरी?

राजापूरकडच्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीच्या मुलांना घरातलं नाव घातलेलं भांडं आणायला सांगितलं. एकीने पितळी डबा आणला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘आत्येकडून सप्रेम भेट, लालबाग, ता. ८-५-५६’. आजी म्हणते डबा तिच्या लग्नातला. पण तिचं लग्न १९६१ चं. मग खरं कोण, डबा की आजी? वर्गात त्यावर जी हमरीतुमरी झाली, तोच खरा इतिहासाचा तास.

ही पद्धत काही परवाची नाही. शाळकरी मुलांसमोर मूळ साधनं, म्हणजे त्या त्या काळचे कागद, वस्तू ठेवावीत, हे इंग्लंडात शिक्षणतज्ज्ञ कीटिंग यांनी १९१० मध्ये मांडलं. त्याच वर्षी पुण्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाडे तर १८९८ पासूनच गावोगावची दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापत होते. पुढे त्यांचे बावीस खंड झाले. कागद पारखून घ्यायची शिस्त आपल्याकडे होती, पण ती संशोधकांची. बिगरीतल्या पोराच्या हाती कागद कोण देणार?

इंग्लंडात या विचाराला बळ मिळालं ते १९७२ मध्ये लीड्सला सुरू झालेल्या शालेय इतिहास प्रकल्पामुळे. तो १३ ते १६ वयाच्या मुलांसाठी होता. लहानग्यांपर्यंत साधनं पोहोचली पुढे, १९९१ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमातून. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीवर बोट ठेवलं. आता बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात ‘इतिहास म्हणजे काय?’ हा पाठ आहे, सहावीत ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक. गंमत अशी, की बहुतेक मुलं हे तीन प्रकारही पाठच करतात.

कोकणात तर साधनं दारातच पडलेली. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, चाकरमान्यांची पत्रं, माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद. आणि सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर कोरलेली, कातळशिल्पं! उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली ही चित्रं गुराख्यांना आधीपासून ठाऊक होती. रत्नागिरीच्या अभ्यासकांनी अशाच माणसांना विचारत विचारत ती नोंदवली आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मुलांना तिथे नेलं, की पहिला प्रश्न येतो, “गुरुजी, हा हत्ती कोणी काढला?” कुणी पांडवांचं नाव घेतं. मला ‘माहीत नाही’ म्हणावं लागतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती.

डब्याचं पुढे असं झालं. पोरीने घरी जाऊन आजीला पुन्हा विचारलं. आजी जरा रागावली, मग म्हणाली, “अगो, तो मोठ्या जावेचा. वाटणीत माझ्याकडे आला.” दुसऱ्या दिवशी पोरगी वर्गात येऊन म्हणाली, “गुरुजी, आता वाटणी कधी झाली ते कोणाला विचारू?”